आठ पावलांची चूक

"मावशी, हनुवटी जरा खाली घे. आणि इतकं हसू नकोस. घर विकायचंय, नवरदेव नाही शोधायचा."

एजंटबाईंनी हनुवटी खाली घेतली, हसू निम्म्यावर आणलं आणि निळ्या जाकिटाची वरची गुंडी तिसऱ्यांदा नीट केली. ऑफिसच्या काचेच्या दारासमोर उभं करून भाचीने त्यांचे चाळीसेक फोटो काढले होते आणि चाळीसही फोटोंत बाई बोलत होत्या. तोंड मिटलेला फोटो औषधालासुद्धा सापडत नव्हता.

"दोन सेकंद गप्प राहशील?"

"गप्पच आहे की मी. मी फक्त एवढंच म्हणतेय, की डावीकडून माझा चेहरा जरा..."

फोटो निघाला. त्यातही तोंड उघडंच होतं. भाचीने फोन खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

बावीस वर्षं एजंटबाई घरं दाखवण्याचा आणि विकण्याचा धंदा करत होत्या आणि हा सगळा धंदा आपण आपल्या जिभेवर उभा केला आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. घर दाखवताना त्या जिन्यापासून बोलायला लागत, ते गिऱ्हाइकाने सही केली तरी थांबत नसत. पण गेल्या वर्षी चौकात एक नवी एजन्सी आली होती. तिच्या दर्शनी भागात माणसाच्या उंचीचा पडदा होता, त्यावर दिवसभर घरांचे फोटो फिरत आणि आत एकसारखे शर्ट घातलेली सहा मुलं बसत. बाईंच्या टेबलावरचा फोन हळूहळू मुका होत चालला होता. त्यातच टेकडीवर साठ फ्लॅट्सची इमारत उभी राहिली. बांधकाम कंपनी विक्रीचं सगळं काम एकाच एजंटला देणार होती. ते काम मिळालं तर पुढची तीन वर्षं बघायला नको. नाही मिळालं, तर हे शटर किती दिवस वर राहील याची खात्री बाईंना स्वतःलाच नव्हती. त्यांनी कंपनीच्या मॅनेजरला फोन केला, पंधरा मिनिटं न थांबता आपली थोरवी सांगितली, आणि शेवटी तो एवढंच म्हणाला, "तुमची लिंक पाठवा."

"पाठवते," बाई झोकात म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी ताबडतोब भाचीला लावला. भाची गावोगावच्या छोट्या दुकानदारांना इंटरनेटवर दिसतं करून देण्याचं काम करायची. केक करणारे, दात काढणारे, गाड्या दुरुस्त करणारे, कुणीही चालत असे. चार दिवसांची रजा काढून, नवऱ्याला आणि मुलीला घरी ठेवून ती मावशीसाठी धावत आली होती.

"फोटो राहू दे," भाची आता म्हणाली. "आधी तुझं पान बनवू." तिने लॅपटॉप उघडला, बाईंच्या ऑफिसचं नाव टाकलं आणि थबकली. "मावशी, तुझं पान आहे की."

"हो मग. चार वर्षांपूर्वी मीच केलं होतं. पासवर्ड विसरले, मग नाद सोडला."

"यावर एकाहत्तर अभिप्राय आहेत."

"चांगले की वाईट?"

"पाचपैकी चार पूर्णांक आठ." भाचीचे डोळे मोठे झाले. "अगं, चौकातल्या त्या पडदेवाल्यांना तीन पूर्णांक दोन आहेत!"

मग काय विचारता! एजंटबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. आपण चार वर्षं लोकांच्या तोंडी होतो आणि आपल्यालाच पत्ता नव्हता, याचा त्यांना कोण आनंद झाला. "पाठव," त्या म्हणाल्या, "त्या मॅनेजरला आत्ताच्या आत्ता लिंक पाठव."

"आधी वाचून तरी..."

"वाचायचंय काय त्यात? चार पूर्णांक आठ!"

भाचीने लिंक पाठवली. त्यानंतर दोघींनी दोन कप चहा मागवला आणि एकेक अभिप्राय चवीचवीने वाचायला घेतला.

"'फार शांत स्वभाव,'" भाचीने पहिला वाचला. "'मोजकं बोलतात.'"

बाईंनी मान डोलावली. भाचीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा घेतला.

"'आम्ही उन्हातून आलो होतो. आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं. घराचा विषयसुद्धा काढला नाही. घर का सोडताय, एवढंच विचारलं आणि आमचं सगळं ऐकून घेतलं.'"

"हे कोण असेल बरं?" बाई आठवू लागल्या.

"'काकांमुळे आम्हाला आमचं घर मिळालं.'" भाची थांबली. "मावशी, काका कोण?"

"असेल त्यांचा कुणीतरी. घर घेताना प्रत्येकाचा एक काका असतोच शहाणपण शिकवायला. माझ्याकडे येणारं दर दुसरं गिऱ्हाईक सांगतं, काकांनी पिवळी इमारत बघायला सांगितलीय, काका म्हणाले नदीकडची नको. मी हो म्हणते. वाद कशाला घाला?"

"'काकांनी बोलता बोलता माझ्या बॅगेची अडकलेली चेनही नीट करून दिली,'" भाचीने सावकाश वाचलं. "'कानशीने.'"

बाईंचा कप ओठांपाशीच राहिला. काचेच्या दारातून त्यांनी समोर बघितलं. आठ पावलांच्या गल्लीपलीकडे, ताडपत्रीच्या छपराखाली, चावीवाले मान खाली घालून कानशीने एक चावी घासत बसले होते.

भाचीने नकाशा उघडला. गल्लीच्या रेषेवर एक लाल खूण होती. तिने ती मोठी केली, आणखी मोठी केली, आणि मग नकाशावर बाईंचं ऑफिस चाव्यांच्या दुकानात अगदी आरामात बसलेलं दिसलं.

"हे पान केलंस तेव्हा तू कुठे उभी होतीस?"

बाईंना आठवलं. ऑफिसमध्ये तेव्हा फोनला रेंजच मिळत नसे. फोन उंच धरून त्या गल्लीभर फिरल्या होत्या आणि पूर्ण रेंज मिळाली ती नेमकी समोरच्या छपराखाली. अर्धा तास त्या तिथेच ताटकळत उभ्या होत्या. "फोनने विचारलं, तुम्ही आत्ता आहात तेच हे ठिकाण का?" त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या. "मी हो म्हटलं. मी होतेच की तिथे."

भाची हसत सुटली. हसता हसता तिने टेबलावर डोकं टेकलं. बाईंना मात्र हसू आलं नाही. याचं कारण भाचीला ठाऊक नव्हतं. चावीवाल्यांशी त्यांचा अकरा वर्षांचा अबोला होता.

झालं होतं ते इतकंच. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी दारावर दिव्यांची पाटी लावली, चांगली लालभडक. तिचा उजेड थेट चावीवाल्यांच्या कामाच्या फळीवर पडायचा आणि त्या लाल उजेडात त्यांना चावीचे दाते दिसेनासे झाले. ते एकदा गल्ली ओलांडून आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "पाटी जरा वळवता येईल का?" बाईंसमोर गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्यांना जरा चेव आला होता. त्या म्हणाल्या, "तुम्हीच एक पडदा लावा की!" गिऱ्हाईक हसलं. चावीवाले आले तसे परत गेले आणि त्यानंतर त्यांनी बाईंकडे मान वर करून बघितलं नाही. बाईंना त्याच दिवशी वाईट वाटलं होतं. पण पहिला आठवडा आज जाऊ, उद्या जाऊ करण्यात गेला, आणि एकदा आठवडा गेला की वर्षं जायला काय लागतं? सकाळी दोघं एकाच वेळी शटर वर करत आणि दोघंही आपलंच शटर आधी कसं वर जाईल हे बघत. विकलेल्या घरांच्या चाव्या करून घ्यायला बाई दोन गल्ल्या पलीकडे जात. तिथला माणूस इतका धांदरट होता, की त्याच्या तीन चाव्यांतली एक हटकून फिरत नसे. तरी बाई तिथेच जात.

"पुढचे वाच," त्या भाचीला म्हणाल्या.

एकाहत्तरांपैकी बाईंचा उल्लेख नऊ अभिप्रायांत होता. त्यातला सगळ्यात सविस्तर असा होता: "समोर एक बाई बसतात, त्या कागदपत्रं बघतात. बोलतात फार, पण काम चोख."

"कागदपत्रं बघतात!" बाई म्हणाल्या. बावीस वर्षं त्या जिने चढल्या होत्या, घसा कोरडा पडेपर्यंत त्यांनी लोकांना खिडक्या आणि हवा आणि उजेड समजावून सांगितला होता. दारातून आत येणारं गिऱ्हाईक निम्मं तयारच असतं, हा आपला हातगुण, असं त्या चारचौघांत सांगायच्या. त्यांना फार लागलं. त्या उठून आतल्या मोरीपाशी गेल्या आणि काही कारण नसताना दोन्ही कप विसळून आल्या.

तेवढ्यात फोनवर मॅनेजरचं उत्तर आलं होतं. भाचीने ते वाचून दाखवलं. "अभिप्राय वाचले. आम्हाला असाच माणूस हवा होता. शुक्रवारी अकरा वाजता येतो. काकांशी ओळख करून द्या."

भाचीने लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला.

"काका परगावी गेलेत म्हणून सांगू," शेवटी भाची म्हणाली. "तोवर मी खूण हलवते. अभिप्राय काही कुठे जात नाहीत, पान तुझ्याच नावावर आहे."

"आणि काम मिळाल्यावर? काका तीन वर्षं परगावी?"

"मग काय करायचं?"

बाईंनी समोर बघितलं. चावीवाल्यांपुढच्या स्टुलावर एक मुलगी येऊन बसली होती, हातात फोन, खांद्यावर पिशवी. चावीवाले तिला पाणी देत होते. इतकी वर्षं हे काचेतून रोज दिसत होतं आणि त्यांना वाटायचं, माणसाचा धंदा बरा चाललाय.

बुधवारी सकाळी दोन्ही शटरं एकदमच वर गेली. एजंटबाईंनी खुर्ची पुसली, टेबल पुसलं, पाटीचं बटण बंद केलं, परत टेबल पुसलं. मग त्या बाहेर पडल्या. आठ पावलं. चौथ्या पावलाला त्यांना वाटलं, परत फिरावं. पण मागे काचेला नाक लावून भाची उभी होती.

"बसा," चावीवाले म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाला ते असंच म्हणत असावेत.

बाई स्टुलावर बसल्या. भिंतभर चाव्या टांगलेल्या होत्या, मापाप्रमाणे लावलेल्या. अकरा वर्षांपासून तयार असलेली वाक्यं आयत्या वेळी कुठे पळाली कुणास ठाऊक. चावीवाल्यांनी माठातून पाण्याचा पेला भरून पुढे केला, तेव्हा त्यांनी वर बघितलं. पेला धरलेला त्यांचा हात तसाच थांबला.

"माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडे येतात," बाई म्हणाल्या.

"येतात."

"चार वर्षं?"

"झाली असतील."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

चावीवाल्यांनी कानशी खाली ठेवली आणि हात फडक्याला पुसले. ते सत्तरीला टेकले होते. त्यांच्या पांढऱ्या झालेल्या भुवया बाईंनी आज पहिल्यांदाच जवळून पाहिल्या.

"सांगायचं काय? तुम्हीच तर पाठवत होता."

"मी?"

"सात वर्षं तुम्ही गल्लीच्या या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. आणि एके दिवशी दुपारी माझ्या छपराखाली अर्धा तास उभ्या राहिलात. मी आतच होतो. तुम्ही दोनदा आत डोकावलात. मला वाटलं, आता बोलाल. बोलला नाहीत. पण चार दिवसांत एक जोडपं आलं, म्हणालं, फोनने इथंच आणलं, घर बघायचंय. मला काय ते समजलं. घरी गेल्यावर बायकोला म्हटलं, बाई बोलल्या बरं का."

बाई पाणी प्यायल्या. सगळंच्या सगळं, एका दमात.

"तुम्ही पाठवत होता, मी त्यांना तुमच्याकडे पाठवत होतो," चावीवाले म्हणाले. "बोलणं चालूच होतं की आपलं."

एजंटबाईंच्या आयुष्यात खरं सांगून टाकायचे अनेक प्रसंग आले होते आणि बहुतेक वेळा त्यांनी ते विचार न करता सांगून टाकलं होतं. आज त्यांनी ओठ मिटून घेतले. चूक म्हणून सांगायची, तर या माणसाची चार वर्षं वाया गेल्यासारखी होणार होती. "हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा एकदम आत यायला धीर झाला नाही."

"होतं असं."

"त्या पाटीचं मी तेव्हा जे बोलले, ते फार वाईट बोलले."

"पहिलं वर्षभर राग होता," चावीवाले म्हणाले. "मग मी फळी फिरवून घेतली. आता पाठीवर ऊब येते."

बाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. ते लपवायला त्या भिंतीवरच्या चाव्या बघू लागल्या. मग थोड्या वेळाने, रिकामा पेला हातात फिरवत त्यांनी विचारलं, "लोकांना तुम्ही पिवळी इमारतच का सांगता?"

"वीस वर्षांत तिथं चारदा कुलूप फोडायला गेलो. चारही वेळा चावी हरवली होती. माणसं तीच. नदीकडच्या इमारतीत मात्र दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी कुलूप बदलून घेतं. कधी भाडेकरू पळालेला असतो, कधी नवऱ्याला बाहेर ठेवायचं असतं. जिथं कुलपं गंजेपर्यंत टिकतात तिथं माणसं सुखात असतात. आपल्याला दुसरं काय कळतं?"

बावीस वर्षांत एजंटबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या पाऊण तास तिथे बसल्या. समोर भाचीने तेवढ्या वेळात दोनदा दार उघडून बघितलं. उठताना बाईंनी शुक्रवारचं सगळं सांगितलं, साठ फ्लॅट्सचंही, मॅनेजरचंही, आणि ते काम नाही मिळालं तर काय, तेही. चावीवाल्यांनी ऐकून घेतलं.

"येऊ दे त्याला," ते म्हणाले. "पण मी काही खोटं बोलणार नाही हं."

"अजिबात नको," बाई म्हणाल्या, आणि परत येताना आठ पावलांत त्यांना पुन्हा धाकधूक वाटू लागली.

शुक्रवारी पावणेअकरापासून बाई निळं जाकीट घालून टेबलामागे बसल्या होत्या. अकराला दोन मिनिटं असताना एक उंच, चष्मा लावलेला माणूस गल्लीत शिरला. हातात फोन धरून, फोनचं ऐकत ऐकत तो आला आणि सरळ चावीवाल्यांच्या छपराखाली गेला. स्टुलावर बसला. पाणी प्याला.

"मी जाते," बाई उठल्या.

"बस," भाची म्हणाली आणि तिने मावशीचा हात धरून ठेवला.

दहा मिनिटं झाली. मॅनेजर बोलत होता, हात हलवून हलवून बोलत होता. चावीवाले ऐकत होते. मग मॅनेजरने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्या हातात दिला. चावीवाल्यांनी एक चावी डोळ्यांजवळ नेली, अंगठ्याने तिचे दाते चाचपले आणि मान हलवली. आडवी. मॅनेजर काहीतरी म्हणाला. चावीवाल्यांनी पुन्हा मान आडवी हलवली.

"संपलं," बाई पुटपुटल्या. "साठ फ्लॅट गेले."

मॅनेजर उठला आणि गल्ली ओलांडून आला. दार उघडून आत येताच त्याने चष्मा काढून पुसला आणि खुर्चीत बसला. एजंटबाईंचं तोंड उघडलं. पण नेमक्या याच वेळी, धंद्याच्या बोलण्यात बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांना काय बोलावं ते सुचलं नाही.

"काका म्हणाले, आमच्या इमारतीची कुलपं दोन वर्षं टिकायची नाहीत," मॅनेजर म्हणाला. "साठही बदलून घ्या म्हणाले."

"ते जरा स्पष्ट बोलतात," बाई कशाबशा म्हणाल्या.

"मला हे तीन महिन्यांत कुणी सांगितलं नाही. गिऱ्हाइकांनी नंतर शिव्याच घातल्या असत्या." त्याने चष्मा पुन्हा लावला. "मी त्यांना विचारलं, घरं तुम्हीच विकणार का? तर म्हणाले, नाही, माझं काम आलेल्याला बसवून घेणं. घर विकणं समोरच्या बाईंचं. मी म्हटलं, त्या खूप बोलतात असं अभिप्रायात आहे."

बाईंनी भाचीकडे बघितलं. भाची जमिनीकडे बघत होती.

"त्यावर ते म्हणाले, मी माणसाला फक्त दार दाखवतो. आत नेऊन तिथं राहायची हौस लावावी, तर ती बाईंनीच. त्यांनी दाखवलेल्या घराचं कुलूप बदलायला मला अजून कुणी बोलावलं नाही." मॅनेजरने पिशवीतून कागद काढले. "मग, कधीपासून सुरू करायचं?"

पुढची चाळीस मिनिटं एजंटबाई इतक्या बोलल्या, की मॅनेजर जाताना हसत होता आणि आपली पिशवी विसरून गेला होता. ती घेऊन भाची त्याच्या मागे धावली.

शनिवारी भाचीला परत जायचं होतं. सामान बांधून झाल्यावर ती शेवटचं म्हणून लॅपटॉप उघडून बसली. "प्रत्येक अभिप्रायाला मालकाने उत्तर द्यायला हवं," ती म्हणाली. "बरं दिसतं. तू सांग, मी लिहिते. थोडक्यात सांग, मला गाडी पकडायचीय."

बाई सांगत गेल्या, भाची निम्म्याहून जास्त गाळत लिहीत गेली. एकाहत्तर संपले तेव्हा पानाच्या अगदी तळाशी आणखी काहीतरी दिसलं. "इथे प्रश्नही विचारता येतात," भाची म्हणाली. "एकच आहे. चार वर्षांपूर्वीचा, पान सुरू झालं त्याच आठवड्यातला." ती मोठ्याने वाचू लागली. "'नकाशा चुकीचा आहे. एजंटचं ऑफिस समोर आहे. कुणीतरी दुरुस्त करा.' आणि खाली कुणीतरी उत्तर दिलंय. फोटोच्या जागी कुलपाचं चित्र आहे."

ती पुढे वाचायची थांबली. तिने लॅपटॉप मावशीकडे वळवला.

बाईंनी चष्मा लावला. तिथे लिहिलं होतं: "बरोबर आहे तुमचं. बाईंकडून चुकून लागलंय, त्यांना माहीत नाही. राहू द्या. आधी इथं या, बसा, पाणी प्या. मग मी समोर पोचवतो."

"म्हणजे काकांना पहिल्या आठवड्यापासूनच..."

"वाचलं मी," बाई म्हणाल्या.

तुम्ही पाठवत होता, बाई बोलल्या बरं का, असं बुधवारी चावीवाल्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. पापणीही न हलवता. आणि वर म्हणाले होते, मी काही खोटं बोलणार नाही. एजंटबाईंनी ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. इतका आनंद त्यांना साठ फ्लॅट्सच्या कागदांवर सही करतानाही झाला नव्हता.

"याला उत्तर द्यायचं?" भाचीने हळूच विचारलं. "मालक म्हणून देता येतं तुला."

"इकडे दे."

बाईंनी लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि एका बोटाने टंकायला सुरुवात केली. बराच वेळ त्या टंकत होत्या. भाचीने घड्याळ बघितलं. चांगलं हातभर लांबीचं लिहून झाल्यावर बाईंनी ते पहिल्यापासून वाचलं आणि सगळं खोडून टाकलं. मग दोनच शब्द लिहिले, "कळलं हो," आणि पाठवून दिले.

गल्लीपलीकडे कानशीचा आवाज थांबला. चावीवाल्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, हात लांब करून डोळे बारीक केले आणि वाचलं. वाचून झाल्यावरही ते फोन तसाच धरून बसले. वर बघायला त्यांना जरा वेळ लागला.

एजंटबाई उठल्या आणि दाराकडे गेल्या.

"खूण हलवायची राहिलीये, मावशी," भाची मागून म्हणाली. "आणि तू कुठे निघालीस? काम आहे का काही?"

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि गल्लीत उतरल्या.